चौथ्या ढोलीचं लिंपण

“नवीला चौथ्या ढोलीकडे लावू नकोस. ती बोलत नाही, पण बघते फार.”

थोरली धनेशीण हे आपल्या मुलाला सांगत होती. तिची सून तेव्हा दोन फांद्या खाली, पानांच्या आड, चोच पुसत बसली होती. लग्नाला उंबराचा एक बहरही उलटला नव्हता, म्हणून अजून सगळे तिला नवीच म्हणत. सासरी आपल्यात खोट काढतील तर ती घास भरवण्याच्या पद्धतीत काढतील, असं तिनं धरलं होतं. बघणं हीसुद्धा खोट असते, हे माहेरी कुणी सांगितलं नव्हतं.

त्या रानात ज्यांना उडता येत नसे त्यांना उडणाऱ्यांनी सांभाळायचं असा नियम होता, आणि नियम चांगलाच होता. पंख मोडलेली पिल्लं, डोळे गेलेले म्हातारे, स्वतःचं झाड विसरलेले, या सगळ्यांना धनेशांच्या बेहड्याच्या झाडावर आणून सोडत. धनेशांना एक विद्या येत होती. आजाऱ्याला ढोलीत बसवायचं, ढोलीचं तोंड ओढ्यातल्या चिखलानं लिंपून टाकायचं आणि मधे एक उभी फट ठेवायची. घास त्या फटीतून आत जाई. साप, उदमांजर, घार यांतलं काहीच आत जाऊ शकत नसे.

शिवाय धनेशांच्या सुना अंडी घालताना स्वतःच अशा ढोलीत बसत. आत त्यांची उडायची सगळी पिसं गळून पडत आणि पिल्लं मोठी होईतो त्या सुना फटीतून येणाऱ्या घासावर जगत. म्हणून बंद ढोलीत बसणं म्हणजे काय, ते धनेशांना कळतं, असं रान समजून होतं. धनेशिणींना कळत होतं. धनेश कधी आत बसले नव्हते.

“आमच्या बेहड्याला साप चढलेला नाही हो कधी,” थोरली प्रत्येक येणाऱ्याला सांगे. ते खरंच होतं.

ज्याची ढोली त्याचीच चोच, अशी तिथली पद्धत होती. आजाऱ्याला एकाच पंखांच्या आवाजाची सवय व्हावी, तो दचकू नये, म्हणून दुसऱ्याच्या ढोलीपाशी कुणी जात नसे. पहिली ढोली सुनांची. दुसरी नवीला सांभाळायला मिळाली, तिसरी थोरलीकडे होती. चौथी, खोडाच्या मागच्या अंगाला असलेली, काकांची.

काका म्हणजे थोरलीचे धाकटे दीर. रानातले निम्मे पंख त्यांनी जोडलेले. त्यांच्या चोचीवरचं शिंग सगळ्यांत मोठं होतं, आणि ते बोलत हळू. रडवी पिल्लं, किरकिरे म्हातारे, कुणालाच न आवरणारे, सगळे त्यांच्याकडे जात, आणि थोड्याच दिवसांत गप्प होत.

“काकांच्या ढोलीत रडणं नाही,” असं रानात कौतुकानं म्हणत.

दरसाल मोर तपासणीला येई. तो बेहड्याभोवती एक फेरी मारी, लिंपणावर चोच टकटकवी, आणि “गुळगुळीत आहे” असं म्हणून जाई. फटीला डोळा लावायचा तर त्याला मान वाकवावी लागली असती, आणि तुरा मोडला असता.

नवीच्या लक्षात आधी आला तो आवाज. तिच्या ढोलीपाशी पंख वाजले की आत गडबड उडे आणि चोची फटीशी येत. थोरलीच्या ढोलीतही तसंच. काकांचे पंख वाजले की चौथ्या ढोलीत काहीतरी मागे सरके. सालीला पाठ घासल्याचा आवाज. मग काहीच नाही.

नंतर तिला पिसं दिसली. ती खोडाच्या मागे, पाल्यावर पडली होती. गळलेलं पीस कसं असतं ते कुठल्याही पाखराला कळतं. त्याचं देठ कोरडं असतं. ही नुकती फुटलेली, उडायची पिसं होती आणि त्यांची देठं ओली होती.

“अगं, गळतात पिसं,” थोरली मागून म्हणाली. ती कधी आली ते कळलंच नाही. “आजारपणात गळायचीच. तू गेलीस का गं तळ्याकडच्या उंबरावर? तिकडची पिकलीत म्हणे.” बोलता बोलता ती पायानं पिसांवर पाला सारत होती.

नवीनं नवऱ्याला सांगून पाहिलं.

“अहो, ती पिसं गळलेली नाहीत.”

“तू नवीन आहेस,” तो म्हणाला. “काकांनी मला वाढवलंय. बाबा गेले तेव्हा मी केवढासा होतो. त्यांच्याच ढोलीत होतो मी.”

एवढं बोलून त्यानं डावा पंख अंगाशी घट्ट धरला. तो पंख तो कधीच पूर्ण उघडत नसे. त्याच्या खाली चोचभर जागेवर पिसं आलीच नव्हती. लहानपणचं दुखणं, असं त्यानं लग्नात सांगितलं होतं. कसलं दुखणं, हे तिनं विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही.

एका दुपारी काका आंघोळीला तळ्यावर गेलेले पाहून नवी चौथ्या ढोलीपाशी गेली. फटीतून तिनं एक पिकलं उंबर पुढे केलं. ते कुणी घेतलं नाही.

“कोण?” बऱ्याच वेळानं आतून आवाज आला. तो एक म्हातारा होला पक्षी होता. त्याला सकाळचं संध्याकाळी आठवत नसे, म्हणून मुलांनी त्याला इथे आणून ठेवलं होतं. “पंख वेगळे वाजले.”

“मी नवी सून. आजोबा, बरे आहात ना?”

“बरा आहे की. मी हलत नाही. हललं नाही की लवकर संपतं.”

“काय संपतं?”

होला मागे सरकला. मग म्हणाला, “कोण? पंख वेगळे वाजले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं थोरलीला गाठलं. आल्यापासून एवढं लांब वाक्य ती पहिल्यांदाच बोलत होती.

“आई, चौथ्या ढोलीतले आजोबा घासाला पाठ करतात, आणि त्यांची पिसं कुणीतरी उपटतं, आणि मला वाटतं आपण लिंपण फोडून एकदा आत बघावं.”

थोरली रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“माहेरी घुबडांचा शेजार होता का गं तुझ्या? फार अंधारातलं दिसतं तुला.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “होल्यानं सांगितलं असेल. त्याला स्वतःचं झाड आठवत नाही. आणि पिल्लं काय, पिल्लं काहीही सांगतात. हे बघ, काकांचं नाव आहे म्हणून रान आपल्याकडे येतं. उद्या हे बाहेर गेलं तर एवढ्या आजाऱ्यांनी जायचं कुठे? त्यांचाच विचार करते मी.”

त्याच दिवशी तिनं चौथ्या ढोलीवर चिखलाचा आणखी एक थर चढवला, फट आणखी बारीक केली, आणि घरात सगळ्यांना सांगितलं की नवीला काळजी वाटत होती म्हणून आपण बंदोबस्त वाढवला. लिंपणाच्या कडेला नवीला जुने थर दिसले. कुणीतरी काही बोललं होतं, त्याचा प्रत्येकाचा एकेक थर. आता त्या फटीतून आतलं काही दिसत नव्हतं, फक्त काकांच्या चोचीचं टोक आत जात होतं.

नवीच्या ढोलीत तांबटाचं एक पिल्लू होतं. वादळात पंख उखडून आलेलं. तांबटांना दिवसभर टुक टुक केल्याशिवाय राहवत नाही, आणि हे तर भुकेलं असलं की टुक टुक, पोट भरलं की टुक टुक. झोपेतही एखादं. नवीला तो आवाज आवडे. तो आहे तोवर आत सगळं ठीक आहे, असं तिला वाटे. पण शेजारच्या ढोलीतले म्हातारे कुरकुरले, आणि थोरलीनं ठरवलं की पंख जुळत आला आहे, आता पुढचं काका बघतील.

पिल्लाची आई भेटायला आली. थोरलीशी बोलताना तिला आनंद मावत नव्हता.

“मावशी, काकांच्या हाती जाणार माझं लेकरू! नशीबच म्हणायचं. नाहीतर इतक्या लोकांतून त्यांनी याला निवडावं?”

नवीनं चोच उघडली. थोरली मधेच म्हणाली, “नवीचा लळा लागलाय ना त्याला. चालायचंच.”

पिल्लानं नवीला विचारलं, “काकांची चोच मोठी आहे. मग घास पण मोठा असतो का?”

उन्हाळा वर येत होता आणि ओढ्यात एकच डबकं उरलं होतं. चिखल मऊ आहे तोवर सगळी लिंपणं एकाच सकाळी उरकायची ठरली. चौथी ढोली उघडून तांबटाला आत घालायचं, पहिल्या ढोलीत नवीला बसवायचं, आणि मग दोन्ही लिंपायच्या. तिचे दिवस भरत आले होते. एकदा बसली की तिचीही पिसं जाणार होती. मग तिचं बोलणं बारीक फटीतून जेवढं बाहेर येईल तेवढंच, आणि त्यापुढे फटीबाहेरच्यांना ऐकू येईल तेवढंच.

सकाळी सारं रान जमलं. साळुंक्या ओळीनं बसल्या. चौथी ढोली फोडली, आणि आत कोपऱ्यात होला तोंड भिंतीकडे करून बसलेला दिसला. “झोपलाय,” काका हळूच म्हणाले. पिल्लाला आत ठेवलं. ते टुक टुक करत होतं.

मग सगळे नवीकडे वळले. धनेशांची रीत अशी की बसणाऱ्या सुनेनं ढोली स्वतः निवडायची आणि घास कोण आणणार त्याचं नाव घ्यायचं. निवडायचं असं काही नसे. सगळ्या सुना पहिल्या ढोलीत बसत आणि लाजत नवऱ्याचं नाव घेत. मजा त्या लाजण्याचीच असे.

“नाव घ्या, नाव घ्या!” साळुंक्या ओरडल्या. “असं हळू नाही चालायचं! पलीकडच्या डोंगराला ऐकू गेलं पाहिजे!”

नवी उडाली. पहिल्या ढोलीत मऊ पाला अंथरलेला होता. तो तिनं बघितला, आणि ती खोडाला वळसा घालून मागे गेली. चौथ्या ढोलीत शिरली. होल्याच्या शेजारी बसली आणि तांबटाच्या पिल्लाला तिनं पंखाखाली घेतलं.

“मी इथं बसते,” ती म्हणाली. आवाज पलीकडच्या डोंगरापर्यंत गेला असावा. “माझा घास काकांनी आणायचा. पिल्लं झाली की त्यांनाही काकाच भरवतील. माझ्या पिल्लांची आजी इथे आहे, बाप इथे आहे. दोघांनी लिंपून द्यावं.”

कुणी हसलं नाही. काकांनी थोरलीकडे पाहिलं. नवऱ्याच्या चोचीतला चिखल खाली पडला, आणि त्यानं तो उचलला नाही. त्याचा डावा पंख उघडला होता, कदाचित त्याच्याही नकळत, आणि ऊन त्या उघड्या जागेवर पडलं होतं.

थोरली ढोलीच्या तोंडाशी उभी होती. इतकी वर्षं तिनं किती भिंती लिंपल्या, तिलाच ठाऊक. आत तिच्या मुलाची बायको होती, पोटात तिची नातवंडं. तिनं मान पुढे केली. चिखल धरलेली चोच कडेला टेकली. टेकलेलीच राहिली. ओला चिखल कडांना पांढरट पडू लागला आणि त्याला बारीक भेगा गेल्या, तरी तिला तो लावता येईना आणि टाकताही येईना.

“आई,” नवी आतून म्हणाली, “चिखल वाळतोय. लिंपा ना.”