करकोच्यांसाठी कोरडी जागा

एक जंगल होतं. त्याचं नाव भोकरवन. तिथं झाडं होती, सावली होती, पोटापुरतं खायला होतं. नव्हतं ते फक्त जागतिक दर्जाचं काही, आणि ही उणीव व्यापारी मंडळाचे अध्यक्ष झिपरशेठ अस्वल यांच्या मनाला फार लागली होती. शेठ मधाच्या धंद्यात होते. मध मधमाश्या करत, धंदा शेठ करत.

शेठनी ठरवलं, यंदाचं जागतिक प्राणी प्रदर्शन भोकरवनातच भरवायचं. वाघमहाराजांनी हुकमावर पंजा उमटवला. हुकूम त्यांनी वाचला नव्हता, पण पंजा मात्र छान उमटला होता. जागेची पाहणी करायला सातासमुद्रापलीकडून करकोच्यांची समिती येणार होती.

भोकरवनात एक जुनी रीत होती. मानाच्या पाहुण्याचे पाय ओले होऊ द्यायचे नाहीत. ही रीत अस्वलांनी घालून दिलेली, आणि अस्वलांना अंघोळीचा भारी कंटाळा. रीतीला धरून मंडळाने एकमताने ठराव केला की वनातलं एकुलतं एक तळं बुजवावं आणि पाहुण्यांना उतरायला कोरडं मैदान करावं. काम घुशींच्या कंपनीला मिळालं.

त्या तळ्यात सगुणा पाणकोंबडी राहायची. तिची चार पिल्लं नुकती पोहायला शिकत होती. धाकटं तर अजून एका अंगाला कलायचं. तळं गेलं तर ही पोरं पोहणार कुठं, या काळजीने तिचा जीव अर्धा झाला. ती धीर करून मंडळाच्या सभेत गेली.

"शेठ, करकोचे दर हिवाळ्यात आमच्याकडे येतात. ते पाण्यातच उतरतात."

झिपरशेठ मायेने हसले. "सगुणाबाई, हे पाहुणे जगातले आहेत. तुमच्या आळीतले नव्हेत."

"पण पाय तर तेच असतील ना?"

"तुम्ही विकासाच्या विरोधात आहात का?"

मागच्या फांदीवरच्या माकडांनी लगेच 'पाणी हटवा, जग बोलवा' अशी घोषणा दिली. सगुणा खाली मान घालून परतली. तिचं पुनर्वसन मात्र नियमाप्रमाणे झालं. म्हशीच्या खुराने पडलेल्या एका खड्ड्यात पाणी साचलं होतं, त्यावर 'पर्यायी जलाशय' अशी पाटी लागली. पिल्लं त्यात पाळीपाळीने पोहू लागली. एक पोहे, तिघं काठावरून सूचना देत.

ठरल्या दिवशी करकोचे आले. मैदानावर रांगोळ्या होत्या, माकडांचा बँड होता, शेठ हार घेऊन उभे होते. करकोच्यांनी वरून एक फेरी मारली, मग दुसरी. "इथं तळं होतं ना?" असं त्यांनी एकमेकांना विचारलेलं खाली स्पष्ट ऐकू आलं. मग ते शेजारच्या बाभूळवनातल्या ओढ्यात जाऊन उतरले, आणि प्रदर्शनही तिथंच भरवायचं त्यांनी ठरवलं.

सगुणाला वाटलं, आता शेठ तोंड लपवतील. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विजयी मिरवणूक काढली.

"बंधूंनो," शेठ म्हणाले, "आजवर जगाने आपल्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. काल जगाने आपल्याला दोन प्रदक्षिणा घातल्या."

टाळ्या थांबेनात. त्या टाळ्यांतच पुढची घोषणा झाली. पुढच्या प्रदर्शनासाठी भोकरवनात जागतिक दर्जाचं तळं होणार. जागा तीच, कंपनीही तीच. घुशींनी आपणच टाकलेली माती आपणच उपसली, तळाचा झरा मोकळा झाला, आणि महिन्याभरात पाणी होतं तिथं आलं. काठावर दगड बसला, 'भोकरवनात प्रथमच'.

उद्घाटनाला सगुणाला पहिली लाभार्थी म्हणून मंचावर बसवलं. दोन शब्द बोला, म्हणाले. सुनावायला तिच्याकडे दोनशे शब्द तयार होते. पण तेवढ्यात चारही पिल्लांनी एकदम पाण्यात उड्या घेतल्या. धाकटं या वेळी सरळ पोहत होतं. ते पाहून सगुणाच्या तोंडून "आभारी आहे" एवढंच निघालं.

पुढच्या निवडणुकीत तिने झिपरशेठनाच मत दिलं. ते पडले तर नव्या अध्यक्षाला विकासाची सुरुवात पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल, अशी तिला धास्ती होती.