लोकनेत्याने पाठवलेली अळंबी

यातली एक गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं बुवांनी मला बजावलं आहे. ती टाळून बाकीचं सांगते.

“मग हात ठेवणार की नाही, बुवा?” सुहासने पुन्हा विचारलं.

भिकूबुवा मठाच्या पडवीत केळीचं पान पुसत होते. ते पुसतच राहिले.

सुहास उकिडवे लहानपणी याच पडवीत बुवांच्या हाताखाली अक्षरं गिरवायला शिकला. आता तो जिल्ह्याच्या पेपरात होता. उद्याची पुरवणी त्याने एकट्याने लिहिली होती. छापण्याआधी बुवा पानांवर हात ठेवतील, असं त्याने संपादकांना छातीठोकपणे सांगितलं होतं. पहिल्या पानावर तसं छापायचंही ठरलं होतं. बुवांचं नाव दिसलं की पंचक्रोशी डोळे मिटून विश्वास ठेवते. सुहासची बढती त्या एका हातावर अडली होती.

“वाच,” बुवा म्हणाले.

पुरवणीचं नाव होतं ‘आपले लोकनेते’.

पहिल्या पानावर हसीनाकाकी मुकादम. मासळी विकणाऱ्या बायकांना बाजारात छप्पर मिळेपर्यंत ती भर उन्हात रस्त्यावर बसून राहिली होती. लोकनेत्या हसीनाकाकी.

मग पतसंस्थेचे अध्यक्ष. खुर्चीत बसल्यापासून त्यांनी निवडणूकच होऊ दिली नव्हती. लोकनेते.

मग बाळारामशेठ पाष्टे. इथे सुहास जरा भरभर वाचू लागला. शेठला मठामागची टेकडी खाणीसाठी हवी होती आणि बुवा अडून बसले होते. टेकडीखालच्या ज्या घराने नाही म्हटलं, त्याचा गोठा जळाला. कुणी जाळला ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. पेपरात फक्त आग लागली एवढंच आलं.

“लोकनेते बाळारामशेठ पाष्टे,” सुहासने वाचलं.

“हं...”

“पेपरात असंच लिहायची पद्धत आहे, बुवा. सगळ्यांना एकच शब्द दिला की कुणी रुसत नाही.”

“सोय आहे खरी. बस, जेवून घे.”

सुहास खूश झाला. बुवा जेवायला वाढतात म्हणजे काम झालं, असं त्याने धरलं. पुरवणीची पानं त्याने बुवांच्या गुडघ्याशी ठेवली, हात धुतले आणि पाटावर बसला.

बुवांनी तांदळाची भाकरी वाढली. शेजारी भाजी वाढली. काळसर, रसरशीत, खोबरं घातलेली.

“अळंबी!” सुहास म्हणाला. “रानातली?”

“रानातली.”

त्याने घास मोडला. मग बुवांपुढे पान नाही, हे त्याच्या ध्यानात आलं.

“तुम्ही नाही बसत?”

“माझा आज उपास.”

“आज? आज कसला उपास?”

बुवा हसले. सुहासचा घास हातातच राहिला.

“तुम्ही वेचलीत का, बुवा?”

“माझे गुडघे कुठले वेचायला देतात... परडी आली सकाळी. भेट म्हणून.”

“कुणाकडून?”

“एका लोकनेत्याकडून.”

सुहासने घास पानावर ठेवला. गेल्या श्रावणात खालच्या वाडीतला नाऱ्या विषारी अळंबी खाऊन गेला, ती बातमी त्यानेच लिहिली होती.

“कुठल्या लोकनेत्याकडून?”

“तुझ्याच पुरवणीतल्या.”

“पुरवणीत सातजण आहेत!”

“सात?” बुवांनी पानं उचलून डोळ्यांजवळ धरली, एकेक करून उलटली. “मला तर एकच दिसला.”

मांजर भाजीच्या वासाने आलं. सुहासने घाईघाईने त्याला हाकललं.

“चेष्टा पुरे, बुवा. काकीने पाठवली असेल तर मी आत्ता खातो. भांडं पुसून खातो.”

“आणि शेठने पाठवली असेल तर?”

सुहासने भाजी बोटाने भाकरीपासून दूर सारली.

“अरे, तोही लोकनेताच की.”

“तुम्हाला माहीत आहे तो कोण आहे ते!”

“मला आहे.” बुवांनी पानं परत गुडघ्याशी ठेवली. “तुलाही आहे, असं दिसतंय.”

सुहासचे कान लाल झाले. त्याने भाजीकडे पाहिलं, पानांकडे पाहिलं. गाडी खाली वाट बघत होती, छापखाना वाट बघत होता.

“आणि... आशीर्वादाचं काय?” त्याने हळूच विचारलं.

बुवांनी उजवा हात पुढे केला. पानांपासून वीतभर वर तो थांबला.

“तू पान संपव. मी हात ठेवतो.”

त्याला बराच वेळ झाला. मी मठातच राहते; मागच्या पायरीवर बसून हे लिहिते आहे. सुहासदादा अजून त्या पानासमोर बसला आहे. बुवांचा हात अजून तसाच वर आहे. मघाशी दादा मला खुणेने विचारत होता, कुणी दिली, कुणी दिली. मला ठाऊक आहे. सकाळी दारात परडी मीच घेतली आणि नावही मीच ऐकलं. ती पाठवली होती आपल्या—

“नाव सांगू नकोस गं, लेकी,” पडवीतून बुवांनी हाक मारली. “ये इकडे. किती वर्षांनी ‘कुणी’ असं विचारतोय तो!”