जाळीच्या कपाटाचा नियम

लाकडी कपाटंही घरच्या कारभारात तोंड घालत, त्या काळची गोष्ट. वेणूकाकूंच्या स्वयंपाकघरात एक जाळीचं कपाट होतं. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत आणि तेवढ्या पुण्याईवर ते साऱ्या खाऊला शिस्त लावी.

एके दिवशी भट्टीतून भाजून आणलेली नानकटाई त्यात आली. गरम, खुसखुशीत आणि उतावळी.

"मला आजच कुणीतरी खाऊ दे," ती म्हणाली. "उद्या माझ्यात काय उरणार?"

"रांगेत बस, पोरी," कपाट म्हणालं. "आधी कालच्या संपतील. या घरात हाच नियम आहे."

"म्हणजे उद्या मी कालची होणार."

"मग येईलच की तुझी पाळी. आम्हीही वाट बघूनच मोठे झालो."

मागच्या मऊ पडलेल्या नानकटायांनी माना डोलावल्या.

नव्या नानकटाईला ते सोसेना. संध्याकाळी काकूंनी दार उघडताच ती सगळ्यांना ढकलत पुढे आली आणि थेट त्यांच्या हातात पडली. काकूंनी घास घेतला. दाताखाली ती अशी काही कुरकुरली की तिला वाटलं, जिंकले मी.

काकूंनी मात्र तोंड वाकडं केलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मऊ नानकटाईच खाल्ली होती.

"बिघडलीय गं ही," त्या सुनेला म्हणाल्या आणि उरलेली अर्धी त्यांनी पुन्हा जाळीआड ठेवली. "राहू दे दोन दिवस आत. येईल वळणावर."