ठकूबाईची कळ

सज्जनहो, सोहमगिरी महाराजांचा मुक्काम तेव्हा गोदाकाठच्या आंबेसावळी गावी होता. दुपार कलली की मारुतीच्या देवळापुढच्या फरसबंदीवर त्यांचे निरूपण चाले.

ठकूबाई तेलीण रोज येई. नवरा गेल्यापासून घाणा तीच हाकी. बैलामागे फिरणाऱ्या फळीवर दिवसभर बसायचे, पेंडीची पोती उचलायची. त्यात श्रावणात ओट्यावरून घसरून ती कुल्ल्यावर आपटली होती. तेव्हापासून बसले की कुल्ल्यातून कळ निघे आणि मांडीमागून पोटरीपर्यंत सणकत जाई. महाराजांच्या शब्दावर मन ठरते न ठरते तोच ती बैठक बदली, पाय पसरी, पुन्हा आखडून घेई. शेवटी उठून खांबाला टेकून उभी राही.

सभेची व्यवस्था कुलकर्णी विसोपंतांकडे होती. एकदा मांडी घातली की ते पुतळ्यासारखे बसत, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान! एके दिवशी ते सर्वांदेखत कडाडले, "ठके, बुडाला मुंग्या डसल्या काय? जिला घटकाभर स्थिर बसवत नाही, तिची भक्ती कसली? उद्या बसता येत असेल तरच ये!"

माणसे फिदीफिदी हसली.

उद्याचे निरूपण शेवटचे. परवा पहाटे महाराज निघणार. ठकूबाईला घरी चैन पडेना. घाण्यावर बसवेना, अंथरुणावर पडवेना. जावे तर अपमान, न जावे तर दर्शन कायमचे अंतरणार. दुसऱ्या दिवशी अंगणात येरझारा घालता घालता ती अखेर देवळाच्या आवाराच्या भिंतीबाहेर येऊन उभी राहिली.

महाराज बोलता बोलता थांबले. "आमची ठकूबाई कुठे आहे?"

"हितं हाय, महाराज," ती बाहेरूनच म्हणाली. "मला बसवत न्हाई. पंतांनी यायला मनाई केलीया."

महाराजांनी तिला जवळ बोलावले. "दुखणे कुठून सुरू होते, बाई?"

"कंबरंत धरतंय, मग कुल्ल्यातून खाली पायात उतरतंय."

"कुणाचा खुब्याचा सांधा वयाने झिजतो, कुणाची कंबरेतली शीर दबते. तुझ्या वाट्याला तर बैठक, ओझे आणि पडणे, सगळेच आले. यात भक्तीचा काय दोष?" असे म्हणून महाराजांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला. "बस आता."

ती भीत भीत बसली. आणि काय आश्चर्य! कळ आलीच नाही. कितीतरी दिवसांनी तिने जिवाचा कान करून निरूपण ऐकले.

पण थोड्या वेळाने तिची नजर वर गेली. महाराज बैठक बदलत होते. त्यांनी पाय पसरला, पुन्हा आखडून घेतला. कपाळावर घाम डवरला होता. मग कुल्ल्यावर हात दाबून ते खांबाच्या आधाराने उभे राहिले.

ठकूबाई ताडकन उठली. "महाराज, माझी कळ मला माघारी द्या!"

महाराज वेदनेतही हसले. "राहू दे गं घटकाभर माझ्याकडे. तुझे ऐकायचे राहून गेले होते ना?"

विसोपंतांची मांडी मोडली. ते धडपडत पुढे आले. "महाराज, मला द्या ती. मी हिणवले होते हिला."

"पंत, तुम्हांला ती पेलायची नाही. तिची पोती तेवढी उचलून देत जा." मग महाराज ठकूबाईला म्हणाले, "तू फार वेळ फळीवर बसू नकोस. मधूनमधून बैलाबरोबर चालत जा, रात्री शेक घे. कमी होईल."

आरतीनंतर महाराजांची वेदना शमली. त्यांच्या चरणांवर डोके ठेवून विसोपंत उठले आणि वळले. ठकूबाई लगबगीने मागे सरली. "पंत, असं नका करू!"

पण पंत तिच्यापुढे वाकले होते, आणि डोके वर काढायला त्यांना बराच वेळ लागला.