दोन खणांचा अ‍ॅडॅप्टर

एकदा एक कापडाचा व्यापारी एका वृद्ध कारागिराच्या दुरुस्तीच्या दुकानात आला. हातात धरून खेळायचा एक जुना व्हिडिओ गेम त्याने रुमालातून काढून टेबलावर ठेवला. त्याच्या मुलीने शाळेत असताना त्यात एक नगर वसवले होते. आता ती नोकरीनिमित्त परदेशी होती आणि नगराचा कारभार वडील पाहत होते. दुकान बंद केले की धरणे बांधायची, रस्ते आखायचे. साठी उलटलेल्या माणसाने हे सांगताना जरा तरी संकोचावे, पण तो मोठ्या तोऱ्यात सांगत होता. का सांगू नये? लेकीने विश्वासाने हाती दिलेले राज्य होते ते.

पण नगर ज्यात साठवले होते ते गेमचे मूळ कार्ड मरणपंथाला लागले होते, आणि तसली कार्डे बाजारातून केव्हाच गेली होती. उपाय एकच होता, अ‍ॅडॅप्टर. म्हणजे त्याच आकाराची पट्टी, जिच्या खणात मोबाइलचे छोटे कार्ड बसते. कारागिराच्या शिष्येने दोन अ‍ॅडॅप्टर समोर ठेवले, एका खणाचा आणि दोन खणांचा, आणि एका खणाचाच घ्या म्हणून सुचवले.

व्यापाऱ्याने नेमका दुसरा उचलला. सगळा माल एका गोदामात ठेवू नये, एक जळाले तर दुसरे तारते, हा त्याचा वडिलोपार्जित धडा. कालच्या पोरीने आपल्याला व्यवहार शिकवावा हे त्याला रुचले नाही. तो वृद्धाकडे वळून म्हणाला, "नाना, तुम्हीच सांगा. तुमचा शब्द मला प्रमाण."

नाना एक शब्दही न बोलता उठले आणि बाहेर पायरीवर पाठ करून बसले.

व्यापारी चपापला. शिष्येचा चेहरा उतरला. दोन खणांत माहिती वाटली जाते वगैरे शिकलेले सगळे तिने सांगून पाहिले, पण पालथ्या घड्यावर पाणी. मग तिने विचारले, "शेठ, तुमच्याकडे पैठण्या असतील ना?"

"आहेत की."

"एक पैठणी मधोमध फाडली. अर्धी या गोदामात, अर्धी त्या गोदामात. एक गोदाम जळालं, तर उरलेली अर्धी कोण नेसणार?"

व्यापाऱ्याने हातातला अ‍ॅडॅप्टर उलटसुलट करून पाहिला.

"हा अ‍ॅडॅप्टर तेच करतो. एक कार्ड गेलं की दुसऱ्यावरचंही वाचता येत नाही. तुम्ही एका खणाचाच घ्या. आणि वेगळ्या कार्डावर अख्खं नगर आणखी एकदा उतरवून घरी कपाटात ठेवा. ती झाली तुमची दोन गोदामं."

व्यापाऱ्याने दोन खणांचा अ‍ॅडॅप्टर मुकाट्याने खाली ठेवला. जुन्या कार्डाने रडतरखडत का होईना, सारे काही नव्याच्या हवाली केले. पडद्यावर लेकीचे नगर उजळले, तेव्हा त्याने डोळे पुसले आणि शिष्येला हात जोडले.

तो गेल्यावर तिने नानांना जरा रागानेच विचारले, "ऐन वेळी मला एकटीला का सोडलंत?"

नाना म्हणाले, "मी नुसती मान हलवली असती तरी शेठनी ऐकलं असतं. पण ते माझ्या पांढऱ्या केसांचं ऐकणं झालं असतं. त्यांना उमगलं काहीच नसतं, आणि उद्या पुन्हा कुणी दोन खण दाखवले असते तर तेच घेतले असते. खणांचं मी तुला शिकवलं, ते तू बिनचूक सांगितलंस. त्यात नवल नाही. पण ती पैठणी मी शिकवलेली नव्हती, पोरी. मला ती सुचलीही नसती. पायरीवर बसून ऐकताना माझा ऊर भरून आला."

शिष्येचा राग केव्हाच मावळला होता.

दिलेले परत मिळाले की गुरूला समाधान वाटते. न दिलेले शिष्याकडून ऐकायला मिळाले, की अभिमान वाटतो.