न्याहारीआधीचा निवाडा

"हक्क कोण देतो महाराज? राजा की शास्त्र?"

रंगोपंताने दारातूनच विचारले. त्याचे लहानपणचे गुरू भैरवगिरी गोसावी चुलीपुढे बसून भाकरी थापत होते. त्यांनी वर पाहिले नाही.

"आधी बस. भाकरी फुगतेय."

रंगोपंत बसला. बारा वर्षे पैठणला न्यायशास्त्र घोकून आलेला हा मोठा शहाणा. आल्या आल्या गावाने त्याला गोतसभेचा, म्हणजे गावच्या न्यायसभेचा, पंडित केले, आणि आज त्याचा पहिला निवाडा होता. सटवा कुंभाराने शिवेचा दगड सरकवला, अशी पाटलांची फिर्याद. गुन्हा शाबीत झाला की सटवाने बायकापोरांसह गाव सोडायचे.

"सभा कधी?"

"देवळाच्या पायरीवर ऊन आलं की."

"आणि हा कागद?"

"निवाडपत्र. कालच लिहून ठेवलं. आता नुसतं वाचायचं. तुमचा आशीर्वाद घ्यावा म्हणून आणलं."

"सटवा काय म्हणाला?"

"तो कालपासून चावडीत कोंडलाय. त्याला काय विचारायचं? पाटील खोटं कशाला बोलतील?"

गोसावी परातीतल्या कोरड्या पिठात बोटाने काहीतरी लिहू लागले. रंगोपंताचे तिकडे लक्षच नव्हते. कालची एकादशी त्याने निर्जळी केली होती आणि पोटात कावळे ओरडत होते.

गोसाव्यांनी ताट पुढे सरकवले. ज्वारीची भाकरी, तिच्या पापुद्र्याखाली लोण्याचा गोळा, जवसाची चटणी, बुक्कीने फोडलेला कांदा. लोणी विरघळून कडेपर्यंत आले होते. खरे सांगायचे तर एकादशीचे निम्मे पुण्य द्वादशीच्या या पहिल्या घासातच असते. पैठणच्या पोथ्यांत ते लिहिलेले नाही, एवढेच.

रंगोपंताने घास मोडला, चटणीला लावला, तोंडाशी नेला.

गोसाव्यांनी त्याचे मनगट धरले. घास काढून घेतला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. मग ताट आपल्याकडे ओढून ते निवांत जेवू लागले.

रंगोपंत हबकला. उपाशी माणसाच्या हातातला घास काढायचा? आणि तोही गुरूने? त्याचे कान तापले.

"महाराज... माझं काय चुकलं?"

"तू माझं लोणी चोरलंस."

"मी? कधी?"

गोसाव्यांनी परात त्याच्यापुढे केली. पिठात ठळक अक्षरे होती. रंगो चोर. चोरी शाबीत.

"लिहून झालंय. आता तुला काय विचारायचं?"

"असं कसं?" रंगोपंताचा आवाज चिरकला. "मला बोलू तर द्याल. तेवढा तरी हक्क आहे मला."

"कोणी दिला? राजाने की शास्त्राने?"

रंगोपंताला बारा वर्षांत पाठ केलेल्यापैकी एकही ओळ आठवेना...

आठवली ती चावडी. मघाशी तिच्यासमोरून येताना आतून सटवाचा आवाज आला होता, "पंत, जरा ऐका की." आणि उशीर होईल म्हणून हा झपाझप पुढे आला होता. त्याला स्वतःची शरम वाटली, इतकी की समोरच्या ताटाकडे बघवेना.

गोसाव्यांनी निवाडपत्र उचलले. चुलीजवळच्या दोन गरम भाकऱ्या वर लोणी घालून त्यात ठेवल्या आणि घडी घातली. अक्षरांवर तूपकट डाग पसरत गेला.

"महाराज, त्यावर पाटलांचा शिक्का आहे."

"दिसला. गरम आहे तोवर चावडीत ने. आधी तो खाईल. मग बोलेल. तुझी भाकरी त्यानंतर."

पुडके हाताला चटके देत होते. रंगोपंताच्या डोळ्यांपुढे पाटलांचा चेहरा आला. तो दारात थांबला.

"आणि तो खोटं बोलला तर?"

गोसाव्यांनी ताकाचा घोट घेतला...

"मग खोटंही शेवटपर्यंत ऐक."