गुंडूकाकांच्या गाडीची वाकडी नळी

एक होती बेडकी.
एवढीशी. अंगठ्याएवढी.
तिचं नाव टुण्णी.
टुण्णी चालायची कशी?
टुणुक टुणुक! टुणुक टुणुक!

टुण्णी राहायची गुंडूकाकांच्या अंगणात. हौदाजवळच्या ओल्या विटेवर. विटेसमोर उभी असायची काकांची गाडी. लालचुटूक!

गाडी जुनी. पण मागच्या दोन नळ्या नव्या. गाडीचा धूर बाहेर येतो ना, त्या नळ्या. सायलेन्सरच्या. काकांनी हौसेनं बसवून घेतल्या होत्या. कशा चमकायच्या! चकचक! चकचक!

टुण्णी विटेवर बसायची. इकडच्या नळीत बघायची. तिथे एक बेडकी!
तिकडच्या नळीत बघायची. तिथे आणखी एक बेडकी!
एक इकडची. एक तिकडची. मधे टुण्णी.
टुण्णी तोंड उघडायची. डराँव!
इकडचीही तोंड उघडायची. तिकडचीही तोंड उघडायची.
असा रोज चालायचा तिघींचा खेळ.

मग आला दसरा. काकांनी गाडी धुतली. गाडीची पूजा केली. झेंडूचे हार घातले. पुढे हार. आरशांना हार. मागेही हार!

दुसऱ्या दिवशी टुण्णी उठली. विटेवर बसली.
इकडच्या नळीत बघितलं. इकडची होती.
तिकडच्या नळीत बघितलं.
तिकडची नव्हती!
नळीत होती नुसती भिंत.

काय झालं होतं? नळी वाकडी झाली होती. तोंड फिरवून बसली होती. रुसल्यासारखी!

"डराँव?" टुण्णीनं हाक मारली.
तिकडची आली नाही.
टुण्णीचे डोळे भरून आले. मग तिनं डोळे पुसले आणि गेली नळीकडे. टुणुक टुणुक! टुणुक टुणुक!

"नळीबाई, नळीबाई, फिर ना!
तिकडची दिसत नाही.
तिघींचा खेळ मोडला!"

नळी म्हणाली, "म्हणजे मी वाकडी? मी तर सरळच आहे. ती भिंत वाकडी आहे!"
"तरी फिर ना!"
"मी काय आपली आपण फिरते? आधी पाना उठू दे, मग मी फिरेन."

पाना कुठे होता? कोपऱ्यावरच्या गॅरेजात. मेहबूबचाचांच्या पेटीत. नट सोडवायचा, नट आवळायचा, आणि मग झोपायचा.
टुण्णी गेली पेटीकडे. टुणुक टुणुक! टुणुक टुणुक!

"पान्या, पान्या, ऊठ ना!
नळी फिरत नाही.
तिकडची दिसत नाही.
तिघींचा खेळ मोडला!"

पाना म्हणाला, "घुर्रर्र!"
"पान्या!"
"आँ? कोण? मी लोखंडाचा आहे, बाळ. मला हात नाहीत, पाय नाहीत. आधी चाचांना मला उचलू दे, मग मी उठेन."

मेहबूबचाचा पेटीजवळच बसले होते. गाड्या दुरुस्त करून करून हात काळे. नाकही काळं!
टुण्णी गेली त्यांच्याकडे. टुणुक टुणुक! टुणुक टुणुक!

"चाचा, चाचा, पाना उचला ना!
पाना उठत नाही.
नळी फिरत नाही.
तिकडची दिसत नाही.
तिघींचा खेळ मोडला!"

चाचांनी नाक खाजवलं. नाक आणखी काळं झालं.
"बेटा, गाडी माझी नाही. मागे एकदा न विचारता काकांचा हॉर्न दुरुस्त केला. काका आठवडाभर बोलले नाहीत माझ्याशी! हॉर्न मात्र बोलायला लागला. आधी काकांचा 'हो' येऊ दे, मग मी पाना उचलेन."

गुंडूकाका बसले होते ओट्यावर. पेपर वाचत.
टुण्णी गेली ओट्याकडे. टुणुक टुणुक! टुणुक टुणुक!

"काका, काका, हो म्हणा ना!
चाचा पाना उचलत नाहीत.
पाना उठत नाही.
नळी फिरत नाही.
तिकडची दिसत नाही.
तिघींचा खेळ मोडला!"

काकांनी पेपर खाली केला.
"वाकडी? माझ्या गाडीची नळी? छे छे छे!"
"एकदा बघा तरी!"
"बघायचं म्हणजे उठावं लागेल. उठायचं म्हणजे चहा लागेल. आधी काकूंचा चहा होऊ दे, मग मी हो म्हणेन."
आणि काकांनी पेपर वर केला.

टुण्णीनं गाल फुगवले.
मोठ्यांचं हे असंच असतं! आधी दुसऱ्यानं करायचं, मग यांनी करायचं.

इंदूकाकू होत्या स्वयंपाकघरात. टुण्णी गेली उंबऱ्याशी. टुणुक टुणुक! टुणुक टुणुक!

"काकू, काकू, चहा करा ना!
काका हो म्हणत नाहीत.
चाचा पाना उचलत नाहीत.
पाना उठत नाही.
नळी फिरत नाही.
तिकडची दिसत नाही.
तिघींचा खेळ मोडला!"

काकू म्हणाल्या, "अगं बाई! चहा करायला दूध नको का? सगळं दूध गेलं काल बासुंदीत. आणि बासुंदी गेली तुझ्या काकांच्या पोटात! आधी शेळीचं दूध येऊ दे, मग मी चहा करेन."

शेळी बांधली होती घरामागे. पांढरीशुभ्र. डुगुडुगु दाढी.
टुण्णी गेली घरामागे. आता ती दमली होती. टुणुक... टुणुक... टुणुक...

"शेळीमावशी, शेळीमावशी, दूध दे ना!
काकू चहा करत नाहीत.
काका हो म्हणत नाहीत.
चाचा पाना उचलत नाहीत.
पाना उठत नाही.
नळी फिरत नाही.
तिकडची दिसत नाही.
तिघींचा खेळ मोडला!"

"मेंऽऽ!" शेळी म्हणाली. "आधी हार मिळू दे, मग मी दूध देईन."
"हार? कुठला हार?"
"झेंडूचा! काल खाल्ला ना, तसाच. गाडीच्या ढुंगणाला बांधला होता बघ, तो. मी सुटले, गेले, ओढला. येईना! मग जोरात ओढला. नळी म्हणाली 'कट्!' आणि हार आला. काय गोड होता! मेंऽऽ!"

टुण्णीचे डोळे झाले मोठे. आणखी मोठे. एवढे मोठे!
"नळी म्हणाली 'कट्'? म्हणजे नळी तू वाकडी केलीस!"
"मी? छे! मी हार ओढला. नळी आपणहून आली."
"शेळीमावशी!"
"बरं बरं. थोडीशी मीच. पण नळीला हार बांधतं का कुणी? मला नको विचारूस. बांधणाऱ्याला विचार!"
टुण्णी म्हणाली, "विचारते. आधी दूध दे. नाहीतर काकूंना सांगेन, शेळीच्या दाढीला काय चिकटलंय ते बघा!"
काय चिकटलं होतं?
झेंडूची पाकळी!

शेळीनं दाढी झटकली. फट् फट् फट्! पाकळी निघेना.
"नको नको! घेऊन जा दूध! हार नको, काही नको!"

काकू आल्या तांब्या घेऊन. शेळी गुपचूप उभी राहिली. सर्र सर्र! सर्र सर्र!
शेळीनं दूध दिलं.

चुलीवर चहा चढला. खदखद! खदखद!
काकूंनी चहा केला.

काका चहा प्यायले. फुर्रर्र! फुर्रर्र! मग उठले. गाडीमागे आले. चाचाही आले पेटी घेऊन.
काकांनी नळ्यांकडे बघितलं. कसं बघितलं? मान वाकडी करून!
"कुठे वाकडी आहे? सरळच तर आहे!"
चाचांनी बघितलं. तेही मान वाकडी करून.
"हो की! एकदम सरळ!"

टुण्णी ओरडली, "मान सरळ करा!"

काकांनी मान सरळ केली. चाचांनी मान सरळ केली.
"अरेच्चा!" काका म्हणाले. "ही तर वाकडी! कुणी केली?"
शेळी आभाळाकडे बघायला लागली.
टुण्णीनं विचारलं, "आणि काका, नळीला हार कुणी बांधला?"
आता काकासुद्धा आभाळाकडे बघायला लागले!
"नळीला हार?" काकूंनी कमरेवर हात ठेवले. "अहो!"
"हो, हो," काका पुटपुटले. "मीच बांधला. चाचा, करा हो नळी सरळ."
काका हो म्हणाले!

चाचांनी विचारलं, "गाडी सकाळपासून बंद आहे ना? गरम नळीला हात लावायचा नसतो हं."
"बंद आहे. मी उठलोय कुठे सकाळपासून!"
चाचांनी पाना उचलला. पाना जांभई देत उठला. नट सैल झाला. चर्र चर्र! चर्र चर्र!
नळी फिरायला लागली.

"डावीकडे!" काका म्हणाले.
"उजवीकडे!" काकू म्हणाल्या.
"मेंऽऽ!" शेळी म्हणाली.
"अहो, वर!"
"अहो, खाली!"
नळी इकडे फिरली, तिकडे फिरली, आणि होती तशी वाकडी झाली!
"एकानं सांगा रे!" चाचा वैतागले.

टुण्णी चढली विटेवर. टुणुक!
"डराँऽऽव!"
एवढीशी बेडकी, केवढा आवाज! सगळे गप्प.

टुण्णीनं तिकडच्या नळीत बघितलं. तिथे होती भिंत.
"फिरवा, चाचा!"
भिंत गेली. हौद दिसला.
"आणखी फिरवा!"
हौद गेला. वीट दिसली.
"हळूहळू... हळूहळू..."
एक डोळा दिसला. दुसरा डोळा दिसला. तोंड दिसलं.
"थांबा! हलवू नका! आली!"
चाचांनी नट आवळला. चर्र चर्र! घट्ट!

इकडच्या नळीत इकडची. तिकडच्या नळीत तिकडची. मधे टुण्णी!

शेळीनं दूध दिलं.
काकूंनी चहा केला.
काका हो म्हणाले.
चाचांनी पाना उचलला.
पाना उठला.
नळी फिरली.
तिकडची दिसली.
तिघींचा खेळ जुळला!
डराँव! डराँव! डराँव!

मग आली दिवाळी. पुन्हा गाडीची पूजा. काकांनी पुढे हार घातला. आरशांना हार घातला. एक हार उरला. काका तो घेऊन हळूच मागे निघाले. कुणी बघत तर नाही ना?
विटेवरून आवाज आला.
"डराँव!"
काका थांबले. "नाही गं बाई, नाही बांधत!"
त्यांनी हारातलं एक फूल काढलं आणि विटेवर ठेवलं. टुण्णीसमोर.
इकडच्या नळीत एक फूल दिसलं. तिकडच्या नळीत एक फूल दिसलं. तिघींना तीन फुलं!
उरलेला हार कुठे गेला?
मेंऽऽ!

नळी झाली सरळ, आमची गोष्ट झाली गोल.
आता जो कुणी ही गोष्ट वाचतोय ना, त्याच्याकडे बघ. वाचून वाचून मान वाकडी झालीय का?
मग सांग त्याला जोरात:
मान सरळ करा!